सहावी गाडी

१

फाइल जागेवर होती. जाडीही तेवढीच होती. फक्त तिच्यात काही लिहिलेलं नव्हतं.

साल एकोणीसशे त्रेपन्न, महिना एप्रिल. वॉशिंग्टनमधल्या एका राखाडी सरकारी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दर मंगळवारी सकाळी दहाला निष्ठा-मंडळ बसायचं आणि सरकारी नोकरांपैकी मनातून कम्युनिस्ट कोण ते ठरवायचं. काम गुप्त, म्हणून खिडक्यांचे पडदे ओढलेले असत. पडदे ओढलेले, म्हणून भर दिवसा दिवे लागत. अध्यक्ष कर्नल एज्रा थॉर्नडाइक यांनी घसा खाकरला, मिस कॉर्डेलिया व्हिटलॉक यांच्यावरचे आरोप वाचण्यासाठी पहिलं पान उलटलं, मग दुसरं, आणि मग गर्दीत पाकीट चाचपावं तशी सगळी फाइल चाचपली. आत नुसते कोरे फॉर्म होते.

मंडळाचा तपासनीस हार्लन प्रूइट याने ते मोजले. फाइलच्या पाठीवर नोंद होती, पाने एक्केचाळीस. कोरे फॉर्मही एक्केचाळीसच निघाले.

दुसरी प्रत नव्हती. प्रती काढल्या की त्या फुटतात, म्हणून मंडळ प्रत काढत नसे.

मिस व्हिटलॉक समोरच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. सरकारी बीज-तपासणी कार्यालयात गेली बावीस वर्षं त्या गवताच्या बियांमधून तणाच्या बिया निवडून मोजत होत्या. नोव्हेंबरपासून त्या निलंबित होत्या आणि पगार बंद होता. त्यांच्या वकिलाने पुढे काय, असं विचारलं. कर्नलनी नियम सांगितला. फाइलशिवाय सुनावणी नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचला हे मंडळ बरखास्त होणार आणि सोमवारी नवं येणार. तोवर ज्यांचा निकाल लागलेला नसेल, त्यांनी स्वखुशीने नोकरी सोडली असं धरण्यात येईल.

"म्हणजे मी निर्दोष ठरले नाही, तर मी आपण होऊन गेले?" मिस व्हिटलॉकनी विचारलं.

"बरोबर."

"कुठे?"

कर्नलनी सवयीने फाइलमध्ये पाहिलं. तिथेही उत्तर नव्हतं.

२

प्रूइट या खात्यात येण्याआधी अंडी तपासायचा. अंधाऱ्या खोलीत दिव्यासमोर अंडं धरायचं आणि आत काय आहे ते न फोडता सांगायचं. त्याची निष्ठा-मंडळावर बदली करताना वरिष्ठांनी शेऱ्यात लिहिलं होतं, 'कामाचे स्वरूप तेच.' चार वर्षांत त्याला एवढंच कळलं होतं की अंड्यापुढे दिवा धरला तर अंडं घाबरत नाही. माणूस घाबरतो, आणि मग आत नसलेलंही दिसायला लागतं.

कपाट लोखंडी होतं आणि त्याच्या कुलपाचा आकडा दोघांनाच ठाऊक होता. एक कर्नल, दुसऱ्या मंडळाच्या सेक्रेटरी मिसेस ओपल ग्रब. सोमवारी संध्याकाळी या मजल्यावर तिसरा माणूस येऊन गेला होता तो म्हणजे बीज-तपासणीचे प्रमुख आणि मिस व्हिटलॉकचे साहेब, डॉक्टर ल्यूशियस फार्नहॅम. ते मिस व्हिटलॉकचं सेवापुस्तक द्यायला आले होते. प्रूइटने तिघांनाही शपथेवरचा जबाब फॉर्म भरायला दिला. नाव, टोपणनाव, आजवर ज्या ज्या संघटनांचे सभासद होता त्या सर्व, तुम्ही कपाटातून ही फाइल किंवा तिची पाने काढलीत का, आणि शेवटी, त्या काळी प्रत्येक फॉर्मच्या शेवटी असायचा तसा रकाना: आणखी कुणाचा संशय. खाली छापील मजकूर, 'वरील माहिती खरी व संपूर्ण आहे; काही वगळल्यास मी शिक्षेस पात्र राहीन.'

कर्नलनी संघटनांच्या रकान्यात आपल्या घराण्यातले सगळे युद्धात पडलेले पुरुष लिहिले आणि संशयाच्या रकान्यात अकरा नावं. त्यातली दोन माणसं वारलेली होती. प्रूइटने ते निदर्शनास आणलं, तर कर्नल म्हणाले की असतील, पण ती तेवढ्यावर थांबणारी माणसं नव्हेत.

मिसेस ग्रबनी सगळीकडे 'नाही' लिहिलं. इतकं दाबून, की निब कागदातून आरपार गेलं. फाइल आठवडाभर कपाटातून हललीच नाही, असं त्या तीनदा म्हणाल्या. प्रूइटने विचारलं होतं एकदाच.

डॉक्टर फार्नहॅमना पन्नास मिनिटं लागली. उंच, शिडशिडीत, एकटा माणूस. कोटाच्या वरच्या खिशात सहा इंची पट्टी. टोपणनावाच्या रकान्यात त्यांनी 'टर्नी (फक्त आजोळी)' असं लिहिलं. संघटना तेवीस भरल्या. चर्चचा गायकवृंदही त्यात होता, सहा आठवडे, पुढे कंसात 'सुरात नसल्याने काढले'. कपाटातून फाइल वा पाने काढलीत का, याच्यापुढे 'नाही', आणि त्याखाली पट्टीने रेघ. उठताना त्यांच्या पेनातला शाईचा थेंब टेबलावर पडला. ते पुन्हा बसले आणि सरकारी टेबलाच्या नुकसानीचा फॉर्म मागितला.

असली माणसं खोटं बोलत नसतात, असं प्रूइटला वाटलं. ते वाटणं बरोबर होतं, आणि त्यानेच त्याचे दोन दिवस खाल्ले.

३

फाइल गेल्याने नुकसान कुणाचं, हा प्रश्न त्याने बुधवारी दुपारी मिस व्हिटलॉकच्या स्वयंपाकघरात बसून स्वतःला विचारला. समोर कॉफी होती आणि नारळाचा केक. नुकसान त्यांचंच. मग चोरणारा एक तर त्यांचा वेडा मित्र असला पाहिजे, नाहीतर त्या फाइलमध्ये ज्याचं स्वतःचं काही अडकलं होतं असा कुणी.

प्रूइटने ती फाइल एकदाच वाचली होती. आरोप सगळा खबऱ्या क्रमांक चारचा. मंडळाला खबऱ्यांची नावं कळत नसत; नाव वरच्या कचेरीत पाकिटात बंद असे आणि खाली नुसता क्रमांक येई. क्रमांक चारने शपथेवर लिहून दिलं होतं की मिस व्हिटलॉकच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी माणसं जमतात, पडदे ओढलेले असतात, तळघरात तांबूस उजेड दिसतो, निघताना ती ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पुड्या घेऊन जातात. 'मी आत गेलो नाही, रस्त्यावरून पाहिले.' सातव्या पानावर गाड्यांचे नंबर होते, सहा.

मिस व्हिटलॉकनी त्याला तळघर दाखवलं. तांबूस दिव्याखाली फळ्यांवर दोनशेच्या आसपास आफ्रिकन व्हायोलेटच्या कुंड्या ओळीने होत्या. बुधवारी व्हायोलेटवाली मंडळी जमायची आणि पानांची देवघेव करायची. पान ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलं की टिकतं. पडदे कशाला, तर वाऱ्याचा झोत लागला की फुलं माना टाकतात.

"हे तुम्ही उत्तरात लिहिलं नाहीत?"

"लिहिलं ना. तुमच्या कर्नलनी उलट विचारलं, आफ्रिकनच का."

माणसं किती जमतात, या प्रश्नावर त्या बोटं मोजू लागल्या. पाच जण आपापल्या गाडीने. "आणि ओपल बसनं," असं बोलून त्यांनी जीभ चावली. प्रूइटने वहीत काही लिहिलं नाही. लिहिण्याची गरज नव्हती. त्या इमारतीत ओपल नावाची एकच बाई होती.

विषय बदलायला म्हणून मिस व्हिटलॉक त्या समोरच्या गाडीबद्दल सांगू लागल्या. दर बुधवारी पलीकडच्या कडेला एक करड्या रंगाची गाडी उभी असते, आत एक माणूस, हॅट खाली ओढलेली, मफलर नाकापर्यंत. सरकारी माणूस असणार हे सगळ्यांनी ओळखलं होतं. जानेवारीत एका बुधवारी बर्फ पडत होतं, तेव्हा म्हाताऱ्या ओलाफसनच्या हातून त्याला कॉफी पाठवली.

"घेतली?"

"घेतली. अर्ध्या तासानं कपबशी पायरीवर, बर्फानं घासूनपुसून स्वच्छ. खाली चिठ्ठी. एक कप, एक बशी मिळाली. एक कप, एक बशी परत केली. आम्ही हसून हसून मेलो." चिठ्ठी आता नव्हती. ओलाफसनच्या कोटाच्या खिशात राहिली आणि कोट धुवायला गेला.

"तो आमचा माणूस नव्हता," प्रूइट म्हणाला.

"असं कसं? मग कुणाचा होता?"

४

गुरुवारी सकाळी तो कचेरीत शिरला तेव्हा मिसेस ग्रबनी टेबलावरच्या कशावर तरी पटकन आपली हॅट ठेवली. प्रूइटने हॅट उचलली. खाली चहाच्या कपात जांभळं व्हायोलेट होतं, तीन फुलांचं.

मिसेस ग्रब खुर्चीत बसल्या नाहीत, तिच्यात सांडल्या. त्यांचा नवरा युद्धात गेलेला, दोन मुली शाळेत. मंडळाची सेक्रेटरी आरोपीच्या घरी दर बुधवारी जाते, हे कर्नलना कळलं तर संशयाच्या यादीत बारावं नाव कुणाचं ते सांगायला नको. फाइल मी घेतलेली नाही, असं त्या मुलींची शपथ घेऊन म्हणाल्या.

"मग सोमवारी खरं काय झालं ते सांगा. तीनदा नका सांगू, एकदाच सांगा."

सुनावणीची तयारी म्हणून त्यांनी साडेचारला फाइल कपाटातून काढली होती आणि टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवली होती. मग त्या खाली सार्वजनिक फोनवर गेल्या; फाइल अशी उघड्यावर ठेवणं गुन्हा, म्हणून आजवर बोलल्या नाहीत. परत आल्या तर ट्रेमध्ये फाइलवर डॉक्टरांनी आणलेलं सेवापुस्तक होतं. त्यांनी दोन्ही उचलून कपाटात टाकलं. वजन तेवढंच लागलं, मग उघडून कोण बघतं?

"फोन कुणाला केलात?"

"कॉर्डेलियाला." त्या कुजबुजल्या. "तिसरी कळी उमलली म्हणून सांगायला."

प्रूइटने खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. सरकारी इमारतीतला एखादा फोन कुणी चोरून ऐकत असेल, तर 'तिसरी कळी उमलली' या वाक्यावर आज कुठेतरी तीन माणसं डोकं खाजवत बसली असतील.

म्हणजे पानं कपाटातून गेलीच नव्हती, ट्रेमधून गेली होती. आणि तो तिघांनाही कपाटाबद्दल विचारत बसला होता.

त्याने शेवटचं एक विचारलं. सोमवारी असं काय होतं? त्यावर मिसेस ग्रबनी मिस व्हिटलॉकच्या वकिलाचं पत्र काढून दिलं. सोमवारी सकाळी आलेलं. सातव्या पानावरचे सहाही नंबर सुनावणीत मोठ्याने वाचावेत आणि गाड्यांच्या मालकांना साक्षीला बोलवावं, अशी मागणी होती. त्यांनी ते टंकून दोघांना पाठवलं होतं, एक प्रत कर्नलना, एक आरोपीचे साहेब म्हणून डॉक्टरांना.

तेवढ्यात टपाल आलं.

५

ते पाकीट वाहन-नोंदणी कचेरीचं होतं. मार्चमध्ये प्रूइटने सातव्या पानावरचे नंबर उतरवून मालकांची नावं मागवली होती. संशयिताच्या घरासमोरच्या गाड्या उतरवायच्या आणि नोंदणीकडे धाडायच्या, ही खात्याची रीतच होती. उत्तराला पाच आठवडे लागले होते, तोवर तो विसरूनही गेला होता. फाइल चोरणाऱ्याला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं.

सहा नंबर, सहा नावं. पाच व्हायोलेटवाले. सहावं नाव, डॉक्टर ल्यूशियस फार्नहॅम.

डॉक्टरांकडे गाडी आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. कचेरीत ते पायी यायचे. कर्नलना तर लॉटरी लागल्यासारखं झालं. त्यांनी कागद दिव्याखाली धरला आणि तब्बल बारा वर्षांनी हसले, असं मिसेस ग्रब नंतर सांगत.

"प्रूइट, अख्खं कार्यालय पोखरलंय. बाई आत, तिचा साहेबही आत. आपलं नाव वाचलं जाईल म्हणून त्यानंच फाइल पळवली. दोघांनाही एका दोरीत बांधा."

प्रूइट म्हणाला की फाइल त्यांनीच पळवली हे बरोबर. पण ते आत नव्हते.

"गाडी दारात आणि माणूस आत नाही?"

"माणूस गाडीत होता, कर्नल. उद्या चारला सगळ्यांना बोलवा. आणि मला एक नवा फॉर्म छापून हवा आहे."

६

शुक्रवारी चारला पडदे ओढलेलेच होते. एका बाजूला मिस व्हिटलॉक मांडीवर पर्स घेऊन, एका बाजूला डॉक्टर फार्नहॅम, खिशात पट्टी. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाचकडे सरकत होता आणि मिस व्हिटलॉक सोडून कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं.

प्रूइटने मांडलं ते असं. चोराने एक्केचाळीस पानं काढली आणि बरोबर एक्केचाळीस कोरी ठेवली. घाईतला चोर मूठभर कागद कोंबतो. मोजून ठेवणारा माणूस निराळा असतो. वकिलाच्या पत्राची धास्ती दोघांनाच असू शकत होती, आणि कर्नल नंबर वाचायला उतावीळ होते. मग राहिली सहावी गाडी. मिस व्हिटलॉककडे गाडीने येणारे पाचच, आणि रस्त्यावर आणखी एकच गाडी असे, जिच्यात माणूस बसलेला असायचा. म्हणजे सहावी गाडी त्या माणसाची. तोच खबऱ्या.

"स्वतःच्या गाडीचा नंबर स्वतःच्याच तक्रारीत?" कर्नल म्हणाले. "इतका गाढव कोण असतो?"

"गाढव नाही, काटेकोर. आपला फॉर्म काय म्हणतो? 'रस्त्यावर उभ्या असलेल्या सर्व गाड्यांचे नंबर.' आणि खाली शपथ, माहिती संपूर्ण आहे. त्यांची गाडी रस्त्यावर उभी होती. वगळली असती तर शपथ खोटी ठरली असती. ज्या माणसाने पायरीवर ठेवलेल्या कपबशीचीही पोच दिली, तो गाडी कशी वगळेल?"

डॉक्टरांनी मान हलवली नाही, नाकारलंही नाही. त्यांना अजून कुणी काही विचारलंच नव्हतं. प्रूइटने नवा फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. डॉक्टरांनी तो आधी पूर्ण वाचला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. खोलीत फक्त निबचा आवाज होता. प्रत्येक उत्तर पुरं झालं की प्रूइट ते मोठ्याने वाचायचा.

सोमवारी तुम्ही ट्रेमधल्या फाइलमधून पाने काढलीत का? 'होय. एक्केचाळीस.'

ती कुठे आहेत? 'घरी, जेवणाच्या टेबलाचा डावा ड्रॉवर. क्रमाने.'

खबऱ्या क्रमांक चार कोण? 'मी.'

मिस व्हिटलॉक देशद्रोही आहेत, असे दाखवणारे तुम्हाला स्वतःला काय माहीत आहे?

इथे पेन थांबलं. पावणेपाच वाजले. डॉक्टरांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. मग लिहिलं, 'काही नाही', आणि खाली पट्टीने रेघ मारली.

मग कळवले का? 'ऑक्टोबरच्या परिपत्रकात प्रत्येक प्रमुखाने माहितीतील संशयास्पद मेळावे लिहायचे होते. रकान्यापुढे छापले होते, किमान एक. मला दुसरा मेळावा माहीत नव्हता. मला कुणी बोलावत नाही.'

मग मिस व्हिटलॉकच म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या समोरच्या टेबलावर मी बावीस वर्षं बसतेय. एकदा विचारायचंत, बुधवारी काय करता म्हणून."

डॉक्टरांनी मान वर केली. "तसा रकाना नव्हता," ते म्हणाले.

चार वाजून छप्पन्न मिनिटांनी कर्नलनी निकालावर सही केली. आरोपाला आधार नाही, मिस व्हिटलॉकना कामावर घ्यावे. सही करताना त्यांचा चेहरा आवडतं कुत्रं शेजाऱ्याला देऊन टाकणाऱ्या माणसासारखा झाला होता. तारीख त्यांनी घाईत चुकीची घातली. डॉक्टर फार्नहॅमनी ती दुरुस्त करायला सांगितली. दुसऱ्या दिवसाची तारीख राहिली असती, तर निकाल रद्द झाला असता.

७

सोमवारी मिस व्हिटलॉक आपल्या टेबलावर बसल्या. समोरचं टेबल रिकामं होतं. डॉक्टरांची चौकशी नव्या मंडळाकडे गेली होती. संशयिताच्या घराबाहेर महिनोन्महिने दर बुधवार घालवणारा माणूस सोडून देता येत नाही, असं नव्या मंडळाचं मत पडलं. मिस व्हिटलॉकनी रिकाम्या टेबलावर एक छोटी कुंडी नेऊन ठेवली. खाली चिठ्ठी होती, बुधवारी सात वाजता. पोच देऊ नये.

दुपारी नवं परिपत्रक आलं. प्रमुख जागेवर नसल्यामुळे ते सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याने, म्हणजे त्यांनीच, भरायचं होतं. माहितीतील संशयास्पद मेळावे, किमान एक. त्यांनी बराच विचार केला. त्यांनाही शपथ लागू होती. मग सुवाच्य अक्षरात त्यांनी रकाना भरला: 'निष्ठा-मंडळ. तिसरा मजला. दर मंगळवारी सकाळी दहा. पडदे ओढून. भर दिवसा दिवे. निघताना कागदाच्या पुडक्यांसह.'

कागद फिरत फिरत प्रूइटच्या टेबलावर आला. त्याने तो दिव्यासमोर धरला. आतून बाहेरून एकच निघाला, निर्दोष. तक्रार रीतसर होती, फेटाळायला नियम सापडेना.

मंगळवारी दहा वाजता तो वही घेऊन खाली रस्त्यावर उतरला आणि इमारतीसमोर उभ्या असलेल्या सर्व गाड्यांचे नंबर लिहू लागला. पाच झाले. मग त्याने कडेला उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीकडे बघितलं, आणि सहावा नंबर लिहिला. तो त्याला पाठ होता.